खाडीतलं पाणी फिरवतं कोण: वारा की घनता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण ३० किलोमीटर लांब आणि सरासरी १० मीटर खोल खाडी. आतल्या टोकाला नदी मिळते, दुसरं टोक समुद्राला उघडं. दोन टोकांच्या पाण्याच्या घनतेत घनमीटरमागे जेमतेम ५ किलोचा फरक, म्हणजे अर्धा टक्काच. उलट वारा सुटला की सगळी खाडी फेसाळते. मग पाणी फिरवण्यात घनतेचा वाटा धरायचा तरी कशाला?

धरायलाच हवा. याच आकड्यांवर हिशेब मांडला तर सेकंदाला १० मीटर वेगाचा, म्हणजे चांगला जोराचा वारा आणि हा अर्धा टक्का जवळजवळ तोडीस तोड निघतात. वारा निम्मा झाला की घनता सरळ वरचढ ठरते. हे पटत नाही, कारण आपली नजर पृष्ठभागावर असते आणि तिथे वाऱ्याचंच राज्य. पण खाडी तीन बाजूंनी बंद असते. वरचं पाणी एकीकडे सरकलं की ते तिकडे साठतं, पातळीला उतार येतो आणि तो उतार तळापर्यंतच्या सगळ्या पाण्याला उलट दिशेला ढकलू लागतो. त्यामुळे वर काय जातंय यापेक्षा परत काय येतंय, कुठून येतंय आणि किती खोलीवरून येतंय, हे पाहिल्याशिवाय खाडीचं अभिसरण कळत नाही.

आधी घनता घेऊ. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण १०२५ किलो भरतं, नदीचं १००० किलो. क्षारता हजारी एकाने वाढली की घनता सुमारे ०.७७ किलोने वाढते. म्हणजे ५ किलोच्या फरकाला क्षारतेतला ६-७ चा फरक पुरतो आणि नदी असलेल्या खाडीत तो सहज सापडतो. तापमानाचा असर त्या मानाने कमी. पाणी २० अंशांच्या आसपास असताना एका अंशाने तापलं तर घनता साधारण पाव किलोने उतरते.

आता मुखाकडचं पाणी जड आणि आतलं हलकं. पृष्ठभागापासून जितकं खाली जावं तितका या दोन टोकांच्या दाबातला फरक वाढत जातो आणि तो आतल्या दिशेने ढकलतो. एवढंच असतं तर खाडी आत भरतच राहिली असती. तसं होत नाही, कारण आतल्या टोकाची पातळी किंचित उंच होऊन बसते. आपल्या खाडीत ही उंची सुमारे २ सेंटीमीटर येते. ३० किलोमीटरमध्ये २ सेंटीमीटर! डोळ्यांना ती कधीच दिसणार नाही, पण तिचा दाब वरपासून तळापर्यंत सारखा असतो आणि मुखाकडे ढकलतो. दोन्हींची बेरीज केली की वरच्या भागात बाहेर जाणारा आणि खालच्या भागात आत येणारा प्रवाह उरतो. थंड केलेल्या खोलीचं दार उघडलं की गार हवा पायांशी बाहेर पडते आणि उबदार हवा डोक्यावरून आत शिरते, तोच प्रकार.

या प्रवाहाचं मोजमाप करायला एक जुनं पण फार कामाचं सूत्र आहे. डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन यांनी १९०० मध्ये ते मांडलं. तर्क साधा आहे: बऱ्याच काळाची सरासरी घेतली तर खाडीतलं पाणी वाढत नाही आणि मीठही वाढत नाही. समजा नदी सेकंदाला १०० घनमीटर पाणी आणते, मुखापाशी खालून ३२ क्षारतेचं पाणी आत येतं आणि वरून २८ क्षारतेचं बाहेर जातं. मग बाहेर जाणारं पाणी १०० गुणिले ३२ भागिले ४, म्हणजे ८०० घनमीटर. त्यातलं १०० नदीचं, उरलेलं ७०० समुद्रातून खालून आलेलं. नदीने आणलं त्याच्या आठपट पाणी मुखातून बाहेर पडतंय आणि सातपट आत शिरतंय. नदी बारीक असली तरी तिच्या गोडेपणामुळे हे चक्र चालतं. पाण्याचा ताळेबंद मांडताना फक्त नदीचा प्रवाह धरणाऱ्यांचं गणित इथेच फसतं. खाडीतून पाणी बदलायला लागणारा काळ ते कितीतरी जास्त काढतात. (उलट टोकाची चूक म्हणजे भरतीला आत आलेलं सगळं पाणी ताजं धरणं. त्यातलं बरंचसं नुकतंच ओहोटीला बाहेर गेलेलं असतं.)

हा दोन थरांचा प्रवाह प्रत्यक्ष मोजून त्याचं बलांचं गणित जुळवण्याचं मोठं काम डोनाल्ड प्रिचर्ड यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या चेसापीक खाडीला मिळणाऱ्या जेम्स नदीच्या मुखभागात केलं. याला गुरुत्वीय अभिसरण म्हणतात. वेग फार नसतो, सेकंदाला ५ ते २० सेंटीमीटर. पण ते रात्रंदिवस चालू असतं, आणि चिकाटीमुळेच खाडीच्या हिशेबात ते मोठं ठरतं.

सगळ्या खाड्या याच दिशेने फिरतात असंही नाही. जिथे नदी नाही आणि बाष्पीभवन जबर, तिथे आतलं पाणीच जास्त खारं होतं आणि चक्र उलटं चालतं: वरून समुद्राचं पाणी आत, तळाने खारट पाणी बाहेर. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं स्पेन्सर आखात याचं चांगलं उदाहरण. तिथली गंमत अशी की उन्हाळ्यात आतल्या टोकाची क्षारता चढते, पण पाणी तापलेलंही असतं, त्यामुळे घनतेतला फरक बराचसा मिटतो. हिवाळ्यात पाणी गार होतं तेव्हा ते जड पाणी तळाने समुद्रात उतरतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेच्या हॅमेलिन पूलमध्ये क्षारता समुद्राच्या जवळपास दुप्पट जाते, कारण उथळ वाळूच्या आडामुळे हे बाहेर पडणंच अडलेलं आहे. नदी नसलेल्या, समशीतोष्ण खाडीतही थंड रात्री छोटं चक्र सुरू होतं. चौरस मीटरमागे २०० वॅट उष्णता १२ तास जात राहिली तर २ मीटर खोल पाणी साधारण एक अंशाने निवतं आणि २० मीटर खोल पाणी अंशाच्या फक्त दहाव्या भागाने. मग काठचं गार पाणी उतारावरून खोलात घरंगळतं.

आता वारा. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा पाण्याच्या एका चौरस मीटरवर ०.१४ न्यूटनच्या आसपास ओढ लावतो, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम वजनाएवढी. ऐकायला क्षुल्लक, पण ती शेकडो चौरस किलोमीटरवर एकाच दिशेने चालते. ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे वारा दुप्पट झाला की ओढ चौपट. आपल्या खाडीत या वाऱ्याने दोन टोकांमध्ये सुमारे ४ सेंटीमीटरचा उतार तयार होतो. घनतेचा २ सेंटीमीटर होता. दोन्ही एकाच मापात बसतात ते इथे दिसतं.

वाऱ्याने वरचं पाणी त्याच्या दिशेने जातं आणि खालचं उलट परततं, हे चित्र पुस्तकात असतं. खऱ्या खाडीत ते अपुरं पडतं, कारण खाडीचा तळ सपाट नसतो. मध्ये खोल पात्र, दोन्ही कडांना उथळ पट्टे. वाऱ्याची ओढ सगळीकडे सारखी. उताराचा दाब मात्र पाण्याच्या खोलीच्या प्रमाणात जोर लावतो: खोल जागी जास्त पाणी ढकलायला मिळतं. म्हणून उथळ पट्ट्यांवर वारा जिंकतो आणि तिथलं पाणी तळापर्यंत वाऱ्याच्या दिशेने वाहतं. मधल्या खोल पात्रात उतार जिंकतो आणि तिथलं पाणी वाऱ्याच्या विरुद्ध जातं, पृष्ठभागाची पातळ कातडी सोडली तर. परतीचा मार्ग खालच्या थरात नसून मधल्या पात्रात असतो. फक्त पात्राच्या मध्यावर यंत्र ठेवलं आणि वाऱ्याच्या उलट प्रवाह दिसला की लोकांना यंत्र बिघडल्याची शंका येते. बहुतेक वेळा यंत्र बरोबर असतं.

पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वस्तू वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने सरकतात. तेलगळतीच्या अंदाजात हा आकडा रोज वापरला जातो आणि तिथे तो योग्यच आहे. पण तरंगता कचरा कुठे गेला यावरून सांडपाणी कुठे जाईल हे सांगू नये. फेसाच्या रेषाही नीट ओळखाव्यात. वाऱ्याला समांतर, थोड्याथोड्या अंतरावर एकापाठोपाठ दिसणाऱ्या पट्ट्या लँगम्युअर अभिसरणाच्या असतात. अर्विंग लँगम्युअर यांनी १९३८ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्या वरच्या थराला घुसळतात, एवढंच. याउलट एकच ठळक रेषा असेल, तिच्या दोन बाजूंना पाण्याचा रंग वेगळा असेल आणि वारा बदलला तरी ती वाऱ्यासोबत वळत नसेल, तर तिथे दोन घनतेचं पाणी एकमेकांना भिडलेलं असतं.

दोघांची गाठ पडते तेव्हा काय होतं? यासाठी वेडरबर्न अंक वापरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या लॉख नेस सरोवराच्या खोल पाण्यातल्या हेलकाव्यांचा अभ्यास करणाऱ्या वेडरबर्न यांच्या नावावरून तो आला. वाऱ्याची ओढ गुणिले खाडीची लांबी, त्याला भागिले घनतेतला फरक, गुरुत्वत्वरण आणि खोलीचा वर्ग यांचा गुणाकार. आपल्या खाडीत १० मीटर वेगाच्या वाऱ्याला उत्तर येतं ०.८८, म्हणजे बरोबरी. ५ मीटर वेगाला ०.२२, घनतेचं पारडं जड. १५ मीटर वेगाला २, वाऱ्याचं. पण या सूत्रात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो खोलीचा वर्ग. हीच खाडी ५ मीटर खोल असती तर १० मीटर वेगाच्या वाऱ्याला अंक साडेतीन आला असता. २० मीटर खोल असती तर ०.२२. उथळ खाड्या वाऱ्याच्या आणि खोल खाड्या घनतेच्या, असा ढोबळ ठोकताळा यातूनच निघतो. गाळाने भरलेली किंवा गाळ उपसून खोल केलेली खाडी एका गटातून दुसऱ्या गटात जाऊ शकते. बंदरासाठी पात्र खोल केल्यावर खारं पाणी आधीपेक्षा आत शिरतं ते याचमुळे.

वाऱ्याची दिशाही तितकीच निर्णायक. मुखाकडे वाहणारा वारा वरचं हलकं पाणी जड पाण्यावरून पुढे ओढतो. त्यामुळे घनतेच्या चक्राला जोर मिळतो आणि थर आणखी स्पष्ट होतात. आत वाहणारा वारा तेच चक्र अडवतो, हलकं पाणी मागे दाबतो आणि थर मोडायला लागतात. वारा वाढला की पाणी घुसळलंच जाणार, असं सर्रास मानलं जातं. मध्यम वाऱ्यात ते अर्धंच खरं: मुखाकडचा मध्यम वारा थर घट्ट करतो. वारा फार वाढला की मात्र दिशा कोणतीही असो, सगळं ढवळून निघतं. अमेरिकेतल्या यॉर्क नदीच्या मुखभागातल्या मोजमापांवरून २००५ मध्ये ही बाब स्पष्टपणे मांडली गेली आणि तेव्हापासून वाऱ्याकडे नुसती रवी म्हणून पाहणं मागे पडलं.

थर असलेल्या खाडीत वाऱ्याचा सर्वांत मोठा परिणाम पृष्ठभागावर दिसतच नाही. वरचा थर ५ मीटरचा आणि दोन थरांतला फरक ५ किलोचा धरा. ५ मीटर वेगाचा बेताचा वारा दिवसभराहून जास्त टिकला तर पृष्ठभाग दोन टोकांमध्ये २ सेंटीमीटर कलतो आणि थरांमधली सीमा त्याच्या उलट दिशेने ४ मीटरहून जास्त कलते. जवळपास दोनशे पट, कारण दोन थरांच्या घनतेतला फरक एकूण घनतेचा दोनशेवा भाग आहे. ज्या टोकाकडून वारा येतो तिथे खालचं पाणी काठाशी वर चढतं. खाली ऑक्सिजन संपलेला असेल तर परिणाम लगेच दिसतो. टोकियोच्या खाडीत उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात ईशान्येचा वारा टिकला की आतल्या टोकाचं पाणी दुधाळ निळसर होतं. तळातून वर आलेल्या सल्फाइडचं हवेशी गाठ पडून गंधकाच्या बारीक कणांत रूपांतर होतं, त्याचा हा रंग. जपानीत याला आओशिओ म्हणतात आणि उथळ पाण्यातले शिंपले त्याने मरतात. अलाबामातल्या मोबाइल खाडीच्या पूर्व काठाला उन्हाळ्यात पहाटेच्या आधी, हलका पूर्वेचा वारा आणि चढती भरती जुळून आली की गुदमरलेले मासे, खेकडे आणि कोळंबी काठाशी येऊन थांबतात. तिथले लोक त्या रात्रीला जुबिली म्हणतात आणि टोपल्या घेऊन धावतात. दोन्हीकडे वारा काठाकडून आत पाण्यावर वाहतो. नवख्या माणसाची अपेक्षा नेमकी उलटी असते.

पृथ्वीच्या परिवलनाकडे किती लक्ष द्यायचं ते खाडीच्या रुंदीवर ठरतं. वर घेतलेल्या थरांसाठी मध्य अक्षांशांत ही मर्यादा ४-५ किलोमीटर येते, विषुववृत्ताकडे ती वाढत जाते. खाडी याहून रुंद असेल तर उत्तर गोलार्धात समुद्राकडे तोंड करून उभं राहिल्यावर बाहेर जाणारं हलकं पाणी उजव्या काठाला चिकटतं आणि आत येणारं जड पाणी डाव्या काठाकडे झुकतं. मग वर-खालीपेक्षा या काठापासून त्या काठापर्यंतचा छेद जास्त बोलका ठरतो.

प्रश्नात फक्त खाडीवरच्या वाऱ्याचा उल्लेख आहे. माझा अनुभव असा की अनेकदा खाडीबाहेर, उघड्या किनाऱ्यावर वाहणारा वाराच भारी पडतो. स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञ एकमान यांनी १९०५ मध्ये दाखवलं त्याप्रमाणे, उत्तर गोलार्धात किनाऱ्याला समांतर वारा पाण्याला स्वतःच्या उजवीकडे सरकवतो. ४० अंश अक्षांशावर १० मीटर वेगाचा वारा किनाऱ्याच्या दर मीटरमागे सेकंदाला दीड घनमीटर पाणी हलवतो. म्हणजे आपल्या १०० घनमीटरच्या नदीची बरोबरी करायला किनाऱ्याची ७० मीटर लांबीसुद्धा लागत नाही. हे पाणी किनाऱ्यापासून दूर गेलं तर मुखापाशी खालचं गार, खारं पाणी वर येतं आणि खाडीत तळाने शिरतं, वरचं पाणी बाहेर ओढलं जातं. किनाऱ्याकडे आलं तर मुखापाशी हलकं पाणी साचतं आणि खाडीचं चक्र मंदावतं, कधी उलटतंही. स्पेनच्या गॅलिसियातल्या रियास बाइशास खाड्या यावरच जगतात. उत्तरेचा वारा सुटला की खोल समुद्रातलं पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी तळाने आत येतं आणि तिथल्या तराफ्यांवर टांगलेल्या मसल जातीच्या शिंपल्यांना खाद्य मिळतं. बाहेरच्या वाऱ्याने समुद्राची पातळी चढते-उतरते तीही खाडीत पोहोचते, पण पाणी बदलण्याच्या दृष्टीने मुखाशी उभ्या असलेल्या पाण्याची घनता बदलणं जास्त महत्त्वाचं असतं.

भरती-ओहोटीबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती उलटी समजली जाते. उधाणाला पाणी सर्वांत जोरात येतं-जातं, म्हणून तेव्हा खाडी सर्वांत चांगली धुऊन निघत असेल असं वाटतं. थर बनणाऱ्या खाड्यांत बरेचदा उलटं घडतं. उधाणाचा प्रवाह तळाशी घासून पाणी ढवळतो, थर मोडतात आणि दोन थरांची देवाणघेवाण मंदावते. भांगाच्या, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत ढवळणं कमी, त्यामुळे घनतेचं चक्र मोकळं सुटतं आणि खारं पाणी तळाने खूप आत जातं.

मोजायचं कसं, तर भरतीचा प्रवाह सेकंदाला मीटरभर आणि आपण शोधतोय तो १० सेंटीमीटरचा. एका दुपारच्या नोंदीतून तो हाती लागत नाही. निदान २५ तासांची सरासरी हवी, आणि उधाण ते भांग असा पंधरवडा मिळाला तर उत्तम. तळावर ठेवलेलं ध्वनिलहरींचं प्रवाहमापक वापरत असाल तर ते पृष्ठभागाजवळचा साधारण ६ टक्के भाग नीट वाचत नाही, कारण पृष्ठभागावरून येणारा प्रतिध्वनी तिथे मिसळतो. १० मीटर खोलीत हा ६० सेंटीमीटरचा भाग झाला, आणि वाऱ्याने सरकणारं पाणी नेमकं तिथेच सर्वांत वेगवान असतं. त्यामुळे त्या नोंदीत बाहेर जाणारं पाणी कमी आणि आत येणारं जास्त दिसेल. अशा वेळी क्षारतेचे उभे छेद घेऊन क्नुडसेनच्या सूत्राने ताळा करून पाहावा. वाऱ्याची नोंद खाडीवरची एक आणि उघड्या किनाऱ्यावरची एक, अशा दोन ठिकाणची घ्यावी. यंत्र एकच असेल तर ते पात्रात ठेवा, पण निदान एक दिवस उथळ पट्ट्यावरही फिरवा.

आणि वारा थांबला म्हणजे त्याचं काम संपलं असं धरू नका. आपल्या खाडीचा पृष्ठभाग मुखाशी उघडा असल्याने साडेतीन तासांच्या आसपासच्या हेलकाव्यांनी दिवसभरात सपाट होतो. थरांमधल्या सीमेचा हेलकावा मात्र फार संथ, वर घेतलेल्या आकड्यांना सुमारे ४ दिवसांचा. शांत दिवशी घेतलेल्या नमुन्यात काठाशी गार, खारं, ऑक्सिजन नसलेलं पाणी सापडलं तर आधी मागच्या चार-पाच दिवसांची वाऱ्याची नोंद काढून बघा.